लांबलेली परदेशवारी: तरुण मुलांचा गट घेऊन निघण्याआधी, निघताना आणि परतल्यावर

ठरलेली सहल एकदा लांबते, मग पुन्हा लांबते, आणि एके दिवशी अचानक सगळं जुळून येतं. मुलं विचारतात, तिकिटं कधी काढायची? अशा वेळी मी आधी जुनी यादी बाहेर काढते. पहिल्यांदा सहल जाहीर झाली तेव्हा ज्यांनी नावं दिली होती, ती यादी.

रखडलेली सहल आणि नवी सहल यांत मोठा फरक असतो. मधल्या काळात मुलं वाढलेली असतात, पासपोर्टची मुदत सरलेली असते, कुणाच्या घरची परिस्थिती बदललेली असते, आणि मनातल्या अपेक्षा दुपटीने फुगलेल्या असतात. जुनी योजना झटकून तशीच वापरणारे गट विमानतळावर अडकताना मी पाहिले आहेत. म्हणून हा लेख यादीपासून सुरू करते.

जुनी यादी, नवे रकाने

प्रत्येक नावासमोर चार गोष्टी लिहा: निघण्याच्या दिवशीचं वय, परतण्याच्या दिवशीचं वय, पासपोर्ट संपण्याची तारीख आणि नागरिकत्व.

दोन्ही दिवसांचं वय लिहायचं कारण असं की कुणी सतराव्या वर्षी निघून अठराव्या वर्षी परतणार असेल, तर त्या मुलाची कागदपत्रं दोन्ही बाजूंनी तपासावी लागतात. संमतीपत्र, विम्याचा प्रकार, राहण्याच्या खोलीची वाटणी, प्रवेशशुल्क, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, पण त्याच दाराशी वयाचा पुरावा दाखवावा लागतो. लहान वाटणारी गोष्ट, पण तीस जणांच्या अंदाजपत्रकात ती दिसते.

पासपोर्टच्या रकान्यात हमखास धक्का बसतो. अनेक देश लहान मुलांना दहाऐवजी पाचच वर्षांचा पासपोर्ट देतात. म्हणजे पहिल्या वेळी हौसेने काढलेला पासपोर्ट आता संपत आलेला असणार. पुष्कळ देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्टला सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. युरोपातल्या शेंगेन क्षेत्राचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या समूहाचा, नियम वेगळा आहे: तिथून बाहेर पडण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू हवा, आणि तो गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. शिवाय दोन कोरी पानं. माझा स्वतःचा नियम सोपा आहे. परतीच्या तारखेनंतर सहा महिने उरत नसतील तर नूतनीकरणाला पाठवायचं, देश कोणताही असो.

नागरिकत्वाचा रकाना लोक वगळतात आणि तिथेच घोडं अडतं. एकाच गटातल्या एकाकडे वेगळ्या देशाचा पासपोर्ट असेल तर त्याचे व्हिसाचे नियम बाकीच्यांपेक्षा पूर्ण वेगळे असू शकतात. ट्रान्झिटसाठी, म्हणजे वाटेत नुसतं विमान बदलण्यासाठीसुद्धा. युरोपात १९६१ साली तरुणांच्या सामूहिक पासपोर्टचा एक करार झाला होता, ज्यात २१ वर्षांखालच्या ५ ते ५० जणांचा गट एकाच कागदावर जाऊ शकतो. पण तो ठरावीक देशांपुरता आहे आणि त्यातही सगळे एकाच देशाचे नागरिक असावे लागतात.

आणि ज्यांचं वय आता गटात बसत नाही ते? ज्यांनी दोन वर्षं निधी जमवला, रविवार घालवले, आणि सहल निघाली तेव्हा मोठे झाले? त्यांना पत्राने नव्हे, समोर बसवून सांगा. त्यांतल्या एक-दोघांना प्रशिक्षण देऊन सहायक म्हणून नेता येतं का ते पाहा. नेता येत नसेल तर त्यांच्या वाट्याचे पैसे परत करा, मागायची वेळ येऊ देऊ नका. नव्या मुलांना ही सहल कुणाच्या कष्टांवर उभी आहे हे कळलं पाहिजे, आणि ते पहिल्याच बैठकीत कळलं पाहिजे.

कुठे जायचं, त्याआधी कशासाठी जायचं

वाट जितकी जास्त पाहिली, तितकी ठिकाणांची यादी लांबते. दहा दिवसांत पाच देश, असा आराखडा घेऊन उत्साही पालक येतात. मी नम्रपणे नाही म्हणते. प्रत्येक मुक्काम बदलताना गटाचा जवळजवळ अर्धा दिवस जातो: सामान बांधणं, खोल्या तपासणं, किल्ल्या परत करणं, हरवलेला चार्जर शोधणं. दहा दिवसांत दोन मुक्काम, फार तर तीन. तेवढेच.

सहलीला एक कणा हवा. मुलांना विचारा, घरी परतल्यावर कुणी विचारलं की तिथे काय केलंत, तर एका वाक्यात काय सांगायला आवडेल? मग ठिकाण आपोआप पुढे येतं. डोंगर, तंबू आणि अनेक देशांचे सोबती हवे असतील तर स्वित्झर्लंडमधलं कांडरश्टेग हे आंतरराष्ट्रीय स्काउट केंद्र आहे, १९२३ पासून चालू असलेलं. शांततेच्या प्रश्नावर वर्षभर काम केलेला गट हिरोशिमाला जाऊ शकतो. तिथल्या बाल शांती स्मारकापाशी जगभरची मुलं कागदी बगळ्यांच्या माळा अर्पण करतात, आणि आपल्या हातांनी घडी घातलेले हजार बगळे घेऊन तिथे उभं राहणं हा नुसत्या भेटीपेक्षा फार निराळा अनुभव असतो.

वयाकडेही पाहा. पोलंडमधल्या ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या जागी असलेल्या स्मारक संग्रहालयाची शिफारस आहे की १४ वर्षांखालच्या मुलांना तिथे आणू नये. माझ्या मते चौदा पूर्ण झालेल्यांनासुद्धा आधी तीन-चार बैठका तयारी आणि त्या संध्याकाळी पूर्ण मोकळा वेळ दिल्याशिवाय नेऊ नये. अशा जागेनंतर रात्री करमणुकीचा कार्यक्रम ठेवणं मला पटत नाही.

लोकप्रिय ठिकाणांचे गटांसाठीचे नियम आधी वाचा. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची विक्री खुली होते. व्हेनिसने २०२४ पासून वाटाड्यासोबतच्या गटांवर २५ जणांची मर्यादा घातली आणि ध्वनिवर्धक वापरायला मनाई केली. तीस जण असाल तर तिथे तुम्ही दोन गट आहात, आणि दोन्हींसाठी मोठी माणसं लागतील.

बसने फिरणार असाल तर चालकाचे कायदेही वेळापत्रकात धरा. युरोपीय संघात चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाची मर्यादा साधारण ९ तासांची आहे. रात्री उशिरा कार्यक्रम संपवून पहाटे त्याच चालकासोबत निघू, अशी योजना तिथे बसत नाही.

पैसे

हिशोब सगळ्यांना दिसेल असा ठेवा. रखडलेल्या सहलीत जुना जमा निधी आणि नवे हप्ते यांची सरमिसळ होते आणि कुजबुज सुरू होते. जुना निधी किती, तो कुणी जमवला, आता किती लागतात, ही एका पानाची माहिती प्रत्येक पालकाच्या हाती द्या. गटाचं वेगळं खातं, दोन सह्या, आणि एकूण खर्चाच्या दहा टक्के हातचे राखलेले. चलनाचा दर हलतो, तो याच दहा टक्क्यांतून भागवायचा.

विमान कंपन्या साधारण दहा किंवा जास्त प्रवाशांना गट मानतात. गटाचं तिकीट दर वेळी स्वस्तच असतं असं नाही, पण त्यात बहुधा आधी अनामत आणि नंतर नावं देण्याची सोय असते. मुलांच्या बाबतीत ती सोय लाखमोलाची आहे, कारण शेवटच्या दोन महिन्यांत एखादं नाव गळतंच. नाव देताना पासपोर्टच्या खालच्या दोन यंत्रवाचनीय ओळींतलं स्पेलिंग अक्षरन् अक्षर उतरवा. हाक मारायचं नाव तिथे चालत नाही.

ज्यांना पूर्ण रक्कम झेपत नाही त्यांच्यासाठी निधी हवा आणि तो कुणाला मिळाला हे फक्त दोन माणसांना माहीत असावं. खर्चायच्या पैशांवर मर्यादा घाला, सगळ्यांना सारखी. परदेशात कार्ड वापरताना यंत्राने स्थानिक चलन की तुमचं चलन असं विचारलं तर स्थानिक चलन निवडायचं, हे मुलांना शिकवा. दुसऱ्या पर्यायात दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

रद्द झाल्यास कुणाला किती परत मिळेल, हे पहिला हप्ता घेण्याआधी लिहून द्या.

कागद

सज्ञान नसलेल्या प्रत्येक मुलासाठी पालकांचं संमतीपत्र लागतं, शक्यतो आई आणि वडील दोघांच्या सहीचं आणि नोटरी केलेलं. त्यात मुलाचा पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, कुठे राहणार, कुणासोबत आणि पालकांचे फोन, हे सगळं असावं. पालकांशिवाय येणाऱ्या मुलांकडे असं पत्र असावं असं कॅनडासारखे देश स्पष्ट सांगतात. काही ठिकाणी त्यावर ॲपॉस्टिलचा शिक्का मागतात. १९६१च्या हेग करारातल्या देशांमध्ये तो शिक्का असलेला सरकारी किंवा नोटरी केलेला कागद पुढच्या प्रमाणीकरणाशिवाय ग्राह्य धरला जातो. पालक विभक्त असतील, ताबा एकाकडेच असेल, किंवा एक पालक हयात नसेल, तर न्यायालयाचा आदेश किंवा मृत्यूचा दाखला यांची प्रत सोबत लागते. हा विषय प्रत्येक घराशी एकेकट्याने बोला, भरबैठकीत नको.

उपचारांसाठीची संमती वेगळी घ्या. अपघात झाला आणि पालकांशी संपर्क होत नसेल तर गटप्रमुखाने उपचारांना होकार द्यावा, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं हवं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, अडचण असेल तर ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. बारा वर्षांवरील प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला जावं लागतं, म्हणजे शाळा-कॉलेजच्या परीक्षांच्या काळात ते नेमू नका. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा असावा लागतो.

तेवढ्यावर थांबू नका. विम्याच्या कागदात मी आणखी तीन गोष्टी शोधते. मूल रुग्णालयात राहिलं तर पालकाला तिथे पोहोचण्याचा खर्च मिळतो का? गटप्रमुखालाच परतावं लागलं तर बदली माणूस पाठवण्याचा खर्च? आणि आपण जे करणार आहोत, म्हणजे राफ्टिंग, बर्फावरचे खेळ, २,५०० मीटरच्या वरची चढाई, ते वगळलेलं तर नाही ना? सगळ्यात जास्त गट या तिसऱ्या प्रश्नावर चुकतात.

एखाद्याचा व्हिसा नाकारला गेला तर काय करायचं हे अर्ज भरण्याआधी त्या मुलाला आणि घरच्यांना सांगितलेलं असू द्या. तो दिवस फार वाईट जातो. त्या दिवशी पैशांचे नियम समजावत बसायची वेळ येऊ नये.

सोबतची मोठी माणसं

आठ मुलांमागे एक प्रौढ, आणि त्यावर एक जास्तीचा. हा जास्तीचा माणूस खर्चिक वाटतो, बैठकीत त्याच्यावरच कात्री चालते, आणि मी दर वेळी त्याच्यासाठी भांडते. एका सहलीत दुसऱ्याच रात्री एका मुलाचं अपेंडिक्स दुखावलं. एक प्रौढ त्याच्याजवळ चार दिवस रुग्णालयात राहिला. जास्तीचं माणूस नसतं तर उरलेल्या सतरा जणांची सहल त्या दिवशी संपली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे अपुऱ्या देखरेखीवर पुढे रेटली गेली असती.

मुलगे आणि मुली दोन्ही असतील तर सोबत स्त्री आणि पुरुष दोन्ही हवेत. प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासलेली हवी, ओळखीचा असला तरी. कुणाही प्रौढाने एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबायचं नाही, हा नियम मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि तो मुलांना मोठ्याने सांगितलेला असावा. काही खटकलं तर कुणाशी बोलायचं, त्या माणसाचं नाव मुलांना माहीत हवं. तो माणूस सहलीत नसलेला असेल तर आणखी चांगलं.

घरी एक संपर्कप्रमुख नेमा. तो सहलीला येत नाही. त्याच्याकडे सगळ्या कागदांच्या प्रती, सगळ्या पालकांचे क्रमांक आणि रात्री-बेरात्री फोन उचलण्याची तयारी असते. पालकांनी त्याला विचारायचं, गटप्रमुखाला नाही.

औषधं आणि तब्येत

आरोग्याचा फॉर्म जुना वापरू नका. दोन वर्षांत दमा जडतो, चिंतेवरची औषधं सुरू होतात, एखादी ॲलर्जी नव्याने कळते. निघण्याआधी चार आठवडे नवा फॉर्म भरून घ्या, आणि त्यात मनाच्या तब्येतीबद्दल सरळ, साध्या भाषेत विचारा. लपवलेल्या आजारापेक्षा सांगितलेला आजार सांभाळणं कितीतरी सोपं असतं, हे पालकांना पटवून द्यावं लागतं. माहिती दिली म्हणून मुलाला वगळणार नाही, असा शब्द द्यावा लागतो, आणि तो पाळावा लागतो.

औषधांना सीमा असतात. जपानमध्ये काही उत्तेजक औषधं, अगदी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेली ॲम्फेटामिनची औषधंसुद्धा, नेता येत नाहीत. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असलेल्या सर्दीच्या गोळ्यांनाही मनाई आहे. कोडीन असलेल्या औषधांवर बऱ्याच देशांत निर्बंध आहेत. प्रत्येक औषध मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, आणि हातातल्या सामानात. इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत जाऊ देऊ नका, तिथे ते गोठून निकामी होऊ शकतं. दमा किंवा तीव्र ॲलर्जी असलेल्याकडे औषधाचे दोन संच हवेत, एक त्याच्याजवळ आणि एक प्रौढाजवळ. ॲलर्जीचं कार्ड स्थानिक भाषेत छापून घ्या.

पीतज्वराचा धोका असलेल्या देशात जाणार असाल तर लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. जुलै २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य आहे, त्यामुळे पहिल्या वेळी घेतलेली लस पुन्हा घ्यायची गरज नाही. मूळ प्रमाणपत्र मात्र सापडायला हवं.

रंगीत तालीम

या लेखातलं एकच काही करायचं ठरवलंत तर हे करा. निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी, दोन रात्रींची छोटी सहल. जवळच, सार्वजनिक वाहनाने, आणि प्रत्येकाने परदेशी न्यायचीच बॅग घेऊन.

बॅग स्वतः उचलून दोन जिने चढता आले पाहिजेत. नाही आले तर सामान कमी करायचं. घरी सांगून जे होत नाही ते एका जिन्याने होतं.

चार-चारच्या तुकड्या करा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. मोजणी डोकी मोजून करायची नाही. मुलांनी क्रमाने आपापला आकडा ओरडायचा. गर्दीत डोकी मोजताना दुसऱ्या गटाचं मूल मोजलं जातं, आकडा बरोबर येतो आणि माणूस हरवलेला असतो. तुकडीतल्या चौघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं. मग मोजणीला वीस सेकंद लागतात, आणि ती दिवसातून पंधरा वेळा करायला कुणी कुरकुर करत नाही.

मेट्रोची तालीम करा. दार बंद झालं आणि कुणी फलाटावर राहिलं, तर त्याने जागचं हलायचं नाही. जो एकटाच पुढे गेला, त्याने पुढच्या स्थानकावर उतरून फलाटावरच थांबायचं. दोन्ही वेळी प्रौढ तिथे येतो. हे पाठ असू द्या, आणि मुद्दाम एकदा घडवून आणा. फोनचं चार्जिंग संपलेलं असलं तरी चालेल अशी ही एकमेव पद्धत मला माहीत आहे.

नियमही याच तालमीत बनवा, मुलांच्या हातून. तिघांपेक्षा कमी जणांनी मोकळं फिरायचं नाही. रात्री खोलीबाहेर पडायचं नाही. दारू, सिगारेट, अमली पदार्थ यांत यजमान देशाचा कायदा आणि गटाचा नियम, दोन्हींपैकी जो कडक तो लागू. मुलं स्वतः नियम लिहितात तेव्हा ते बहुधा मी लिहिले असते त्याहून कडक निघतात, मग मलाच एक-दोन सैल करावे लागतात. गंभीर उल्लंघनानंतर घरी पाठवायचं असेल तर कोण सोबत येणार आणि खर्च कुणाचा, यावर पालकांची सही आधीच घ्या.

कामंही वाटून द्या. एक तुकडी वाहतूक पाहील, एक जेवण, एक हिशोब, एक स्थानिक भाषा. रोज वीस शब्द शिकून आलेली मुलगी सगळ्यांसाठी दुकानात बोलते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी मी हे सगळं करते. मोठ्यांनी सगळं आयतं रांधून वाढलं तर मुलं प्रवासी होत नाहीत, फक्त नेली जातात.

निघण्याचा दिवस

विमानतळावर तीन तास आधी, गट मोठा असेल तर त्याहून अर्धा तास आधी. पासपोर्ट मी मधल्या दिवसांत गोळा करून कुलपात ठेवते आणि प्रत्येक तपासणीआधी वाटते. मुलांनी आपल्या पासपोर्टचा फोटो आणि एक कागदी प्रत वेगळ्या जागी ठेवायची.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवता येत नाही. हातातल्या सामानात १०० वॉट-तासांपर्यंतची चालते, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते. द्रवांसाठी १०० मिलिलिटरचा नियम धरून चाला. काही विमानतळांनी तो शिथिल केला असला तरी परतीचा विमानतळ तसा असेलच असं नाही. प्रत्येकाच्या हातातल्या बॅगेत एका दिवसाचे कपडे हवेत.

इमिग्रेशनच्या रांगेत एक प्रौढ सर्वांत पुढे, एक सर्वांत शेवटी. पुढचा पलीकडे पोहोचून मुलांना एका जागी धरून ठेवतो. शेवटचा, कुणी अडलं तर त्याच्यासोबत थांबतो. शेंगेन क्षेत्रात १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश आणि निर्गमनाची नोंद डिजिटल होऊ लागली आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांचा चेहरा आणि ठसे नोंदवायला वेळ लागतो. जोडविमान असेल तर मध्ये भरपूर अंतर ठेवा.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रारीचा अहवाल लिहून घ्या आणि त्याचा क्रमांक जपा. १९९९च्या माँट्रियल करारानुसार सामान मोडलं असेल तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.

तिथे पोहोचल्यावर

पहिल्या दिवशी काहीही महत्त्वाचं ठेवू नका. शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक वेळपट्टा सरकतं, आणि पूर्वेकडे जाताना जास्त कुरकुरतं. उजेडात चालणं, वेळेवर जेवण, स्थानिक वेळेनुसार झोप. बस.

रोज दोन तास पूर्णपणे रिकामे ठेवा, आणि दर चौथ्या दिवशी अर्धा दिवस. इतकी वर्षं वाट पाहिली, आता एक तासही वाया जाऊ नये, असं सगळ्यांना वाटतं; त्याच धसक्याने पाचव्या दिवशी गट कोलमडतो. भांडणं, रडू, घरची ओढ, पोटदुखी, सगळं पाचव्या-सहाव्या दिवशी येतं आणि त्यामागे बहुतेक वेळा अपुरी झोप असते. घरची ओढ लागलेल्या मुलाला सारखा फोन करू देण्यापेक्षा काम द्या, आणि फोनची एक ठरलेली वेळ द्या.

संध्याकाळी वीस मिनिटं गोल करून बसा. आज काय आवडलं, काय खटकलं, उद्या काय आहे. गप्प राहणाऱ्याला बोलायला भाग पाडू नका, पण तो तीन दिवस गप्प असेल तर चौथ्या दिवशी त्याच्याशेजारी चालत जा.

तातडीचे क्रमांक प्रत्येकाच्या खिशातल्या कार्डावर हवेत: युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका आणि कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. त्याच कार्डावर मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत. हरवलेलं मूल ते कार्ड टॅक्सीवाल्याला दाखवू शकतं.

दुसरी योजना तयार असावी, आणि ती कागदावर असावी. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या सेमांगमला जागतिक स्काउट जांबोरीसाठी, म्हणजे स्काउटांच्या मोठ्या मेळाव्यासाठी, ४० हजारांहून अधिक तरुण जमले होते. कडक उन्हाने शेकडो आजारी पडले, ब्रिटन, अमेरिका आणि सिंगापूरच्या तुकड्यांनी तळ सोडला, आणि मग खानून वादळ येत असल्याने सगळ्यांनाच हलवावं लागलं. कित्येकांनी त्या एका सहलीसाठी वर्षानुवर्षं पैसे जमवले होते. ब्रिटनची तुकडी सोलमधल्या हॉटेलांत गेली आणि तिथे तिचा कार्यक्रम पुढे चालू राहिला. तुमचा गट लहान आहे, पण प्रश्न तोच: ही जागा आज रात्री सोडावी लागली तर तीस जण कुठे झोपणार, आणि त्याचे पैसे कोणत्या कार्डातून?

पासपोर्ट हरवला तर क्रम असा: स्थानिक पोलिसांकडे नोंद, मग आपल्या दूतावासाकडून तात्पुरतं प्रवासपत्र. म्हणून दूतावासाचा पत्ता, तातडीचा क्रमांक आणि प्रत्येकाचे दोन फोटो सोबत ठेवायचे. कुणी ताब्यात घेतलं गेलं तर आपल्या दूतावासाला कळवावं असं मागण्याचा हक्क १९६३च्या व्हिएन्ना करारातल्या ३६व्या कलमाने दिलेला आहे. शांतपणे तो मागा आणि मुलाला एकटं सोडू नका.

काही गंभीर घडलं तर आधी त्या मुलाचे पालक, मग घरचा संपर्कप्रमुख, मग बाकीचे पालक. तोवर कुणीही काहीही पोस्ट करायचं नाही, हा नियम तालमीतच ठरलेला असतो. एकदा आमच्या गटातला एक किरकोळ पाय मुरगळण्याचा प्रसंग फोटोसह घरी पोहोचला, आणि त्या मुलाच्या आईने तो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाहिला. तिने मला केलेला प्रश्न मी विसरलेले नाही.

परत आल्यावर

घरी पोहोचल्यावर दोन आठवडे जाऊ द्या, मग एक संध्याकाळ सगळे जमा. फोटो मुलांनी निवडायचे, बोलायचंही मुलांनी. ज्यांचं वय निघून गेल्याने जाता आलं नाही त्यांना पहिल्या रांगेत बोलवा.

हिशोब महिन्याभरात बंद करा. उरलेले पैसे परत, पावत्या जोडून, एक पान प्रत्येक घरी. ताप, सतत पोटाचा त्रास किंवा अंगावर पुरळ असेल तर डॉक्टरांना कुठल्या देशात जाऊन आलो ते सांगायला पालकांना लेखी आठवण करा; उष्ण प्रदेशातून आलेल्यांच्या बाबतीत ही आठवण काही महिने लागू राहते.

पुढच्या गटप्रमुखासाठी एक फाइल लिहा. कोणत्या दिवशी काय कोलमडलं, कोणता मुक्काम पुन्हा घ्यावा, कोणती बस कंपनी घेऊ नये, मोजणीला किती वेळ लागला. हे पहिल्या आठवड्यातच लिहा, कारण तिसऱ्या आठवड्यात सगळंच छान झालं असं वाटू लागतं.

आणि पासपोर्टच्या प्रती, आरोग्याचे फॉर्म, ताब्याचे आदेश. जे कायद्याने किंवा विम्याच्या दाव्यासाठी ठेवायला लागतात ते कुलपात ठेवा. बाकीचे दुसऱ्या एका प्रौढासमोर फाडून नष्ट करा, फोनमधले फोटो पुसा, ग्रुपवर पाठवलेल्या फाइली काढा, आणि ते केल्याची एक ओळ तारखेसह पालकांना पाठवा.